भंगारवाल्याच्या खिशातला चुंबक

दिवाळीच्या आधी घराघरांत एक काम हमखास निघतं, माळा आवरण्याचं. आई स्टुलावर चढून एकेक वस्तू खाली देते आणि खालून बाबा विचारतात, "हे कशाला ठेवलंय अजून?" चाक वाकडं झालेली तीनचाकी सायकल, झाकण हरवलेला कुकर, गळका नळ, पाती नसलेला पंखा, बुडाला भोक पडलेलं जर्मनचं पातेलं, पणजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब. बघता बघता दारात ढीग लागतो. मग गल्लीतून ओळखीची हाक येते आणि कुणीतरी खिडकीतून ओरडतं, "ओ भंगारवाले, जरा थांबा!"

यंदा एक कराल? ढीग काकांच्या ताब्यात दिला की लगेच आत पळू नका. तिथेच उभे राहा आणि त्यांचे हात बघा.

काका एक वस्तू उचलतात, तळहातावर तोलतात, खिशातून काहीतरी काढून तिला लावतात. दुसरी वस्तू दगडावर घासतात. तिसरीवर बोटाने टिचकी मारून कान देतात. ना रसायनं, ना सूक्ष्मदर्शक. तरी दहाएक मिनिटांत लोखंड एका बाजूला, पितळ दुसऱ्या, तांबं तिसऱ्या, जर्मन चौथ्या. मला विचाराल तर आपल्या गल्लीतला धातूंचा सगळ्यात मोठा जाणकार हाच माणूस. त्याचे हे वेगवेगळे ढीग नसते तर पुढच्या सगळ्या भट्ट्या आणि कारखाने काही कामाचे नव्हते. हे कसं, ते आता पाहू.

काकांच्या खिशातली ती वस्तू म्हणजे लोहचुंबक. बहुतेक वेळा एखाद्या फुटक्या स्पीकरमधून काढलेला. सायकलीला लावला, टक्! चिकटला. पातेल्याला, बंबाला, नळाला लावला, काही नाही. नेहमीच्या तापमानाला चुंबकाकडे जोरात ओढले जाणारे आपल्या ओळखीचे धातू तीनच: लोखंड, निकेल आणि कोबाल्ट. शुद्ध निकेल किंवा कोबाल्टची वस्तू माळ्यावर कुठून येणार? म्हणून चुंबक चिकटला की काका वर न बघता म्हणतात, "लोखंड."

इथवर सोपं आहे. आता स्वयंपाकघरातून स्टीलची एक ताटली आणा. स्टीलमध्ये सगळ्यात जास्त काय असतं? लोखंड. म्हणजे चुंबक चिकटायला हवा. पण लावून बघा, पुष्कळ ताटल्यांना तो चिकटतच नाही!

भांड्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये शंभरातले सुमारे १८ भाग क्रोमियम असतं, ८ भाग निकेल आणि उरलेलं बहुतेक सगळं लोखंड. क्रोमियम सोडा, पण लोखंडाला चुंबक ओढतो आणि निकेललाही ओढतो. मग ही दोघं एकत्र आल्यावर चुंबकाचं का चालू नये?

याचं उत्तर अणूंच्या मांडणीत आहे. लोखंडाचा प्रत्येक अणू हा एक इवलासा चुंबक असतो. साध्या लोखंडात अणूंची घरं चौकोनी असतात: घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि मधोमध एक. अशा मांडणीत शेजारी शेजारी असलेले हे इवलेसे चुंबक एकाच दिशेला तोंड करू शकतात आणि सगळ्यांची ताकद एकत्र होते. निकेल पुरेसं मिसळलं की मांडणीच बदलते. आता मधला अणू नाही, त्याऐवजी घनाच्या प्रत्येक बाजूच्या मध्यावर एकेक अणू. या नव्या मांडणीत इवल्या चुंबकांना एका दिशेला तोंड करणं जमत नाही. अणू तेच, पण बसायच्या जागा बदलल्या आणि ताकद गेली. हल्ली स्वस्त भांड्यांमध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात. तेही हीच मांडणी टिकवून धरतं.

यातली एक गंमत घरी करून बघता येते. चुंबक न चिकटणारी एखादी खोल वाटी घ्या आणि चांगला ताकदवान चुंबक तिच्या काठाशी, जिथे पत्रा ओढून वळवलेला असतो तिथे न्या. काही वाट्यांच्या काठाला किंचित ओढ जाणवते! कारखान्यात यंत्राने पत्रा दाबून वाटी घडवली तेव्हा काठाजवळचे काही अणू जागचे सरकले आणि पुन्हा चुंबकाला ओळखू लागले. म्हणजे कुठे जास्त जोर लावला होता हे वाटी अजून सांगू शकते.

पण काकांना यातून काय मिळतं? भाव मिळतो. चुंबक न चिकटणाऱ्या स्टीलमध्ये बऱ्याचदा निकेल असतं आणि निकेल महाग असतं. म्हणून "हे चिकटणारं स्टील, ते न चिकटणारं" असे दोन वेगळे ढीग पडतात आणि दोघांचे भाव वेगळे असतात.

आता तो गळका नळ. वरून चांदीसारखा चकचकीत, चुंबक चिकटत नाही, हाताला जड. काका कानशीचे दोन फटकारे मारतात आणि आतून पिवळंधमक पितळ डोकावतं. वरची चमक म्हणजे क्रोमियमचा आणि त्याखाली निकेलचा पातळ मुलामा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं संमिश्र. खरवडल्यावर आत लालसर दिसलं तर तांबं, पिवळं दिसलं तर पितळ, पांढरटच राहिलं आणि हाताला हलकं लागलं तर ॲल्युमिनियम, म्हणजेच आपलं जर्मन.

हाताला हलकं किंवा जड लागतं म्हणजे नेमकं काय? एका घन सेंटिमीटर ॲल्युमिनियमचं वजन २.७ ग्रॅम असतं. तेवढ्याच लोखंडाचं जवळजवळ ७.९ ग्रॅम, पितळेचं साधारण साडेआठ, तांब्याचं सुमारे ९ आणि शिशाचं ११.३ ग्रॅम. याला घनता म्हणतात. काकांनी हा तक्ता बहुधा कधी वाचलेला नसेल, पण वर्षानुवर्षं वस्तू तोलून तोलून तो त्यांच्या तळहातात उतरलेला आहे.

टिचकी मारायची ती आवाजासाठी. काशाची वाटी किंवा घंटा टिचकीला लांबवर घुमते. घंटेच्या काशात साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील असतं आणि हे संमिश्र इतकं ताठ असतं की एकदा थरथरू लागलं की लवकर थांबत नाही. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर अशी एक मोठी घंटा आहे. ती मुळात पोर्तुगिजांच्या चर्चमधली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाच्या लुटीत अशा घंटा इकडे आल्या. घंटेचा आणि जुन्या तोफांचा धातू एकाच जातीचा, त्यामुळे युद्ध आलं की घंटा वितळवून तोफा ओतल्याची उदाहरणं जगात पुष्कळ आहेत. मेणवलीची घंटा या संकटातून वाचली आणि घंटाच राहिली याचा मला फार आनंद वाटतो.

बरं, एवढी निवडानिवड हवी कशाला? सगळं एकदम भट्टीत टाकलं तर काय बिघडलं? पुष्कळ बिघडतं. पंखाच घ्या. बाहेर लोखंड, आत तांब्याची तार गुंडाळलेली. असाच्या असा भट्टीत टाकला तर तांबं लोखंडात विरघळतं. चहात विरघळलेली साखर परत काढता येते का? तसंच हे. लोखंडातली इतर बरीच घाण ऑक्सिजनशी जुळून धातुमळी होऊन वर तरंगते आणि खरवडून काढता येते. पण तांब्याला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षाही कमी. त्यामुळे सगळं लोखंड जळून जाईल, पण तांबं जागचं हलणार नाही. असं तांबं मिसळलेलं पोलाद लालबुंद तापवून लाटायला घेतलं की पृष्ठभागावर चिरा पडतात. म्हणून दुकानात बसून कुणीतरी छिन्नी-हातोडीने प्रत्येक मोटर फोडतं आणि आतलं तांबं हाताने सोडवून काढतं. फार किचकट काम. जगातल्या मोठमोठ्या पोलाद कारखान्यांना छळणारा प्रश्न आपल्या गावातल्या भंगाराच्या दुकानात असा हातोडीने सुटतो.

आता तुमच्या सायकलीच्या मागे मागे जाऊ. काका ती मोठ्या व्यापाऱ्याकडे देतात. तिथे ती इतर लोखंडाबरोबर दाबयंत्रात जाते आणि चौकोनी गठ्ठा होऊन बाहेर येते. पुढे ट्रक. हा ट्रक जालन्याला जाऊ शकतो. जालना म्हटलं की आपल्याला मोसंबी आणि बियाणं आठवतं, पण भंगारापासून घरबांधणीच्या सळया बनवणारे कितीतरी कारखाने या एका गावात आहेत.

तिथल्या भट्टीत एक नवल असतं. आत लोखंड वितळून पांढरंशुभ्र झालेलं असतं आणि भट्टीखाली जाळ कुठेच नसतो! कोळसा नाही, गॅस नाही. भट्टीच्या भोवती तांब्याच्या जाड नळीचे वेढे असतात आणि त्यांतून वीज जोरजोरात उलटसुलट धावते. नळी वितळू नये म्हणून तिच्या पोकळीतून सतत थंड पाणी खेळवतात. धावणाऱ्या विजेमुळे भट्टीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते सारखं बदलत राहतं. या बदलामुळे लोखंडाच्या पोटातच विजेचे प्रवाह गरगरू लागतात आणि लोखंड आतूनच तापतं. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं, भट्टी त्याहूनही वर जाते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते हे मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिलं. तुमच्या घरातली इंडक्शन शेगडीही याच नियमावर चालते. म्हणूनच त्या शेगडीच्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटतो. लावून बघा.

भट्टीजवळच्या माणसांना एका गोष्टीची फार भीती असते, ती म्हणजे पाणी. एखाद्या बंद डब्यात थोडंसं पाणी राहिलं आणि तो डबा वितळलेल्या लोखंडात पडला तर? पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे-सतराशे पट जागा लागते. डबा फुटतो आणि तप्त लोखंड चहूकडे उडतं. म्हणून चांगला भंगारवाला बंद डबा, जुना पंप, काहीही असो, आधी उघडतो किंवा त्याला भोक पाडतो. कारण नसताना तो ठोकाठोकी करत नाही.

वितळलेलं पोलाद साच्यात ओतून त्याचे लांब चौकोनी दांडे बनवतात आणि ते लाल असतानाच रुळांमधून लाटून लाटून सळई होते. सळई बाहेर पडताच तिच्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारतात. बाहेरचा थर एकदम थंड होऊन कडक होतो, आतला गाभा सावकाश निवतो आणि जरा लवचीक राहतो. भूकंपात वाकायचं पण तुटायचं नाही, अशी ही सळई. तुमची तीनचाकी आता एखाद्या शाळेच्या छतात जाऊन बसली असेल.

खाणीतल्या दगडापासून नवं लोखंड बनवायचं तर काय करावं लागतं, तेही बघा. खनिजात लोखंड ऑक्सिजनशी घट्ट बांधलेलं असतं. ही गाठ सोडवायला कोळसा लागतो, प्रचंड उष्णता लागते आणि धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. भंगारातल्या लोखंडाची गाठ मात्र कुणीतरी पूर्वीच सोडवून ठेवलेली आहे! ते फक्त वितळवायचं. भारत सरकारच्या २०१९ च्या पोलाद भंगार धोरणात याचा हिशेब दिला आहे. एक टन भंगार वापरलं की १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते.

गंज म्हणजे लोखंडाने पुन्हा ऑक्सिजनशी गाठ मारणं. एक कोडं घालतो. खिळा गंजला तर त्याचं वजन वाढेल की कमी होईल? पुष्कळ जण म्हणतात कमी होईल, कारण खिळा "खाल्ला गेला". पण गंज गळून पडू दिला नाही तर वजन वाढतं! ११२ ग्रॅम लोखंडाचा पुरता ऑक्साइड झाला की तो १६० ग्रॅम भरतो. वरचे ४८ ग्रॅम हवेतल्या ऑक्सिजनचे. म्हणजे काकांना गंजक्या पत्र्यात हवेचेही पैसे मोजावे लागतात, म्हणून ते गंजक्या मालाला कमी भाव देतात. बरोबरच आहे त्यांचं.

आणि बुडाला भोक पडलेलं जर्मनचं पातेलं? त्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते. ॲल्युमिनियमने ऑक्सिजनला धरलेलं असतं ते लोखंडापेक्षाही घट्ट, कोळशाने साध्या भट्टीत ही गाठ सुटत नाही. म्हणून जमिनीत ॲल्युमिनियम भरपूर असूनही माणसाला ते हजारो वर्षं मिळालंच नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगरांवर त्याचं खनिज बॉक्साइट आहे, पण शिवाजी महाराजांच्या काळात त्याचं पातेलं करणं कुणालाच शक्य नव्हतं. १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी एकमेकांना न ओळखता एकच युक्ती शोधली. बॉक्साइटपासून मिळणारी पांढरी पूड क्रायोलाइट नावाच्या वितळलेल्या खनिजात विरघळवायची आणि त्यातून वीज सोडायची. वीज ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन वेगळे करते. दोघंही तेव्हा २२-२३ वर्षांचे होते. नवल म्हणजे दोघांचा जन्म १८६३ मधला आणि दोघंही गेले १९१४ मध्ये.

या पद्धतीने एक किलो ॲल्युमिनियम मिळवायला सुमारे १४ युनिट वीज लागते. तेवढ्या विजेवर ७५ वॅटचा पंखा दिवसरात्र आठवडाभराहून जास्त फिरेल. जुनं पातेलं मात्र ६६० अंशांना वितळतं आणि त्याचं नवं ॲल्युमिनियम करायला वीस भागांतला एकच भाग ऊर्जा पुरते. एकोणीस भाग वाचले! म्हणून किलोमागे जर्मनचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट असतो. आणि आजवर जगात बनलेल्या सगळ्या ॲल्युमिनियमपैकी सुमारे तीन चतुर्थांश अजून कुठे ना कुठे वापरात आहे, असा अंदाज आहे.

मोठ्या कारखान्यांत ॲल्युमिनियम निवडायलाही चुंबकच वापरतात, हे ऐकून तुम्ही म्हणाल, पण त्याला तर चुंबक चिकटत नाही! खरं आहे. पण भंगार वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या टोकाशी चुंबक अतिशय वेगाने फिरवला की ॲल्युमिनियमच्या पोटात वीज गरगरते, जालन्याच्या भट्टीत लोखंडाच्या पोटात गरगरत होती तशीच. त्या विजेमुळे तो तुकडा स्वतःच क्षणभर चुंबक होतो आणि टुणकन उडी मारून लांब पडतो. प्लॅस्टिक आणि काच उडी मारत नाहीत, ती तिथेच खाली पडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कागदाची रद्दी पुन्हा पुन्हा वापरली की दर वेळी त्यातले तंतू तुटून आखूड होतात, पाच-सात फेऱ्यांनंतर त्यांचा कागद धरत नाही. प्लॅस्टिकच्या लांब साखळ्याही तुटत जातात. धातूचा अणू मात्र झिजत नाही. शंभर वेळा वितळवा, तांब्याचा अणू तांब्याचाच राहतो. तुमच्या सायकलीतलं लोखंड पृथ्वी जन्मण्याच्याही आधी कुठल्या तरी ताऱ्यात तयार झालं आणि ताऱ्यांच्या स्फोटात बाहेर फेकलं गेलं. त्याला तुमच्या माळ्यावरच्या वीस वर्षांचं काय!

म्हणून तर फार जुन्या धातूच्या वस्तू इतक्या क्वचित सापडतात. मोडलेली वस्तू कुणी फेकतच नव्हतं, वितळवून नवी करायचे. पण १९७४ साली आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला जमीन खोदताना चार वस्तू निघाल्या: बैल जोडलेला आणि वर माणूस उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही भरीव, मिळून साठेक किलो धातू. हजारो वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी ओतलेल्या. इतका धातू कुणाच्या भट्टीत न जाता जमिनीत राहिला, म्हणून तो रथ आज आपण पाहू शकतो.

याच्या उलट झालं विक्रांतचं. आयएनएस विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका. १९६१ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात लढली, १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि मुंबईत बरीच वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती भंगारात विकली गेली आणि मुंबईच्याच दारूखान्यात तोडली गेली. तिथे जहाजं तोडण्याचं काम पूर्वीपासून चालतं. पुण्याच्या बजाज कंपनीने तिचं काही पोलाद घेतलं आणि २०१६ साली आलेल्या 'व्ही' या मोटरसायकलमध्ये वापरलं. पोलाद वाया गेलं नाही, हे चांगलंच. तरी माझं मत विचाराल तर ती नौका जपायला हवी होती. प्रत्येक जुनी वस्तू भंगार नसते आणि हे घरातल्या ढिगालाही लागू आहे. पणजोबांचा तो बंब देण्याआधी आजीला एकदा विचाराच.

टेबलाच्या खणात पडलेले जुने मोबाइल हेही धातूचं भंगारच आहे, आणि फार मोलाचं. त्यांच्या आतल्या सर्किटच्या पाटीवर सोनं, चांदी, तांबं अगदी थोडं थोडं असतं. टोकियो ऑलिंपिकसाठी जपानी लोकांनी २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत सुमारे ७९ हजार टन जुनी छोटी विजेची उपकरणं जमवली. त्यांत सुमारे ६२ लाख मोबाइल होते. त्यातून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो काशासाठीचा धातू मिळाला आणि त्यातूनच सगळी, म्हणजे सुमारे पाच हजार पदकं घडली. ७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्राने भाला फेकून जे सुवर्णपदक जिंकलं ते याच धातूचं! आतून बहुतेक चांदी, वर सहा ग्रॅमहून थोडं जास्त सोनं. आपले मोबाइल साध्या भंगारात न देता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायचे, कारण ते उघडून जाळले किंवा ॲसिडमध्ये बुडवले की विषारी धूर आणि विषारी पाणी निघतं. वायरचं प्लॅस्टिक जाळून तांबं काढणंही तसंच घातक. कुणी जाळताना दिसलं तर लांब व्हा आणि मोठ्यांना सांगा.

भंगार हाताळणाऱ्या माणसांना असे धोके रोजचेच असतात. २०१० साली दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात एका प्रयोगशाळेचं जुनं यंत्र आलं. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता, पण फोडणाऱ्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. बरेच जण आजारी पडले, एकाचा जीव गेला. पिवळ्या पाटीवर पंख्याच्या तीन पात्यांसारखं काळं चिन्ह दिसलं तर त्या वस्तूला हात लावायचा नाही, हे आत्ताच लक्षात ठेवा. घरच्या ढिगातही जुनी बॅटरी, ट्यूबलाइट, पाऱ्याचा तापमापक वेगळा काढून मोठ्यांच्या हाती द्या. गंजका पत्रा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं. ते गंजामुळे नाही, मातीतल्या जंतूंमुळे, पण खरबरीत गंजक्या वस्तूला माती चिकटून राहते.

पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी, त्यातही बहुतेक बायकांनी, 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी केली. आम्हीही कामगार आहोत, आम्हाला ओळखपत्र द्या, ही त्यांची मागणी. पुढे यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि त्या आता घरोघरी जाऊन कचरा गोळा करतात. तुम्ही ओला-सुका कचरा आणि फुटलेली काच वेगळी बांधून दिलीत तर त्यांचे हात कापत नाहीत.

आता तुमची पाळी. जुना नळ, कुलूप किंवा बिजागरी घ्या आणि ती कशाची आहे ते शोधा. आधी चुंबक लावा. (छोटे ताकदवान चुंबक धाकट्या भावंडांच्या हाती देऊ नका, गिळले तर पोटात मोठी इजा होते.) चुंबक चिकटला नाही तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वस्तूचं वजन ग्रॅममध्ये घ्या. मग खुणा असलेल्या मोजपात्रात पाणी घ्या, वस्तू दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा आणि पाणी किती मिलिलिटर चढलं ते बघा. वजनाला त्या आकड्याने भागा. उत्तर साडेआठच्या आसपास आलं तर पितळ, २.७ च्या आसपास आलं तर ॲल्युमिनियम, साडेसहा-सातच्या मध्ये आलं तर बहुधा जस्ताचं संमिश्र, हल्ली स्वस्त नळांत तेही वापरतात. आणि उत्तर चार-पाच असं अधलंमधलंच आलं तर? वस्तूच्या पोकळीत हवा अडकली असेल किंवा आत प्लॅस्टिकचा भाग असेल. पाण्याखाली हलवून सगळे बुडबुडे बाहेर काढा आणि पुन्हा मोजा.